गाडी एका अंगाला बसते: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पावसाळा सरला की कच्च्या वाटेवर राबलेल्या गाड्यांच्या तक्रारी वाढतात. या वेळी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांत सूर एकच होता: गाडी सपाटीला उभी केली तरी एका बाजूला कललेली दिसते. गाड्या वेगवेगळ्या आहेत, कारणंही वेगवेगळी आहेत, म्हणून उत्तरं स्वतंत्र देत आहोत.

प्रश्न: माझ्याकडे जुनी जिप्सी आहे. कास, बामणोलीकडच्या वाटांवर चालते. चारही पाटे (पोलादी पट्ट्यांच्या थरांच्या स्प्रिंगा) नवीन टाकले आणि तेव्हापासून गाडी मागून उजवीकडे ३५ मि.मी. खाली दिसते. मेकॅनिक म्हणतो, उजव्या पाट्यावर पॅकिंग (जाडी भरणारा तुकडा) घालू, सरळ होईल. घालावं का? (वाचक, सातारा)

उत्तर: इतक्यात नको. जिप्सीवर तर मुळीच नको, कारण मूळ जिप्सीत पाटा ॲक्सलच्या (दोन चाकांमधल्या आडव्या दांड्याच्या) खालून जातो. अशा गाडीत पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पॅकिंग घातलं की पाटा ॲक्सलपासून आणखी खाली जातो आणि त्याच्यासोबत चॅसीही (गाडीचा लोखंडी सांगाडा) खाली येते. म्हणजे उजवीकडे पॅकिंग घातलंत तर उजवी बाजू अजून बसेल. पाटा ॲक्सलच्या वर असलेल्या गाडीत याच्या बरोबर उलट होतं. तुमच्या गाडीत आधी कुणी पाटे ॲक्सलच्या वर घेतले आहेत का, ते खाली वाकून बघा आणि मगच पुढचं बोला.

आता ३५ मि.मी. हे माप कुठून घेतलं, तो मुद्दा. मडगार्डच्या काठापासून जमिनीपर्यंत घेतलं असेल तर त्यात जमिनीचा उतार, टायरची हवा, बॉडीचे रबर, मडगार्डला बसलेला ठोका हे सगळं मिसळलेलं आहे. घरापुढची फरशी पाणी निघून जावं म्हणून मुद्दाम उताराची केलेली असते. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाणी भरून आणा आणि चार चाकांच्या जागा एका पातळीत आहेत का ते बघा. चाकांमधलं अंतर १३०० मि.मी. धरलं आणि जमिनीत १३ मि.मी. उतार असेल, तर गाडी अर्ध्या अंशाहून जास्त कललेली दिसते, दोष नसतानाही. नळी नसेल तर गाडी त्याच जागी उलट्या तोंडाने उभी करून पुन्हा मोजा. खाली असलेली बाजू बदलली तर दोष फरशीचा.

टायर चारही एकाच मापाचे, हवा सारखी, गाडी रिकामी, टाकी अर्धी. मग मापं तीन जागी घ्या: चॅसीच्या पट्टीच्या खालच्या कडेपासून ॲक्सलच्या नळीपर्यंत, चॅसीपासून जमिनीपर्यंत आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत. पहिलं माप डावी-उजवीकडे सारखं आणि तिसऱ्यात फरक, तर पाटे निर्दोष आहेत. बॉडी आणि चॅसी यांमधले रबर दबलेत किंवा एखादा वॉशर गायब आहे. चॅसी-ॲक्सल माप सारखं पण चॅसी-जमीन वेगळं, तर टायर किंवा जमीन.

पाट्याच्या गाडीत मापाची आणखी एक खोड असते. पाट्यातल्या पट्ट्या, म्हणजे पाने, एकमेकांवर घासतात, त्यामुळे गाडी हलवल्यावर दर वेळी त्याच उंचीवर येऊन थांबत नाही. ५ ते १० मि.मी. फरक केवळ घर्षणाचा असू शकतो. बंपरवर जोर देऊन गाडी खाली दाबा, हळूच सोडा, माप घ्या. मग बंपर वर उचलून हळूच सोडा, पुन्हा माप घ्या. दोन्हींची सरासरी हे खरं माप. बहुतेक ठिकाणी हे केलंच जात नाही आणि मग पॅकिंग घातल्यावर 'कालच तर सरळ होती' असं ऐकायला मिळतं.

इतकं करून फरक उरला तर कारण पुढे आहे की मागे ते ठरवा. चॅसी दोन्ही टोकांना पाट्यांवर टेकलेली असते, त्यामुळे पुढचा एक पाटा बसला तरी मागचा कोपरा खाली दिसतो. मागची चाकं दगड लावून अडवा. ट्रॉली जॅकवर लाकडी फळी ठेवून पुढच्या आडव्या क्रॉस मेंबरच्या बरोबर मध्यावर लावा आणि पुढचे पाटे जवळजवळ मोकळे होईपर्यंत उचला, टायर जमिनीला जेमतेम टेकलेले असू द्या. आता पुढचा भाग एकाच बिंदूवर आहे, चॅसीचा कल मागचे पाटेच ठरवत आहेत. मागे सरळ दिसली तर दोषी पुढचा पाटा. मागे अजूनही कललेली, किंवा जास्तच कलली, तर दोष मागे. मग हाच प्रयोग मागच्या क्रॉस मेंबरवर करून खात्री करा. हे करताना गाडीखाली शिरू नका. खाली काम असेल तेव्हा चॅसीला घोडे (भक्कम टेकू) लावा, निव्वळ जॅकच्या भरवशावर कुणीही झोपू नये.

तुमच्या गाडीत पाटे नवीन आहेत आणि कल ते टाकल्यापासून आहे, म्हणून आमचा पहिला संशय बुशवर, म्हणजे पाट्याच्या टोकाच्या डोळ्यात बसणाऱ्या नळीवर. गाडी जॅकवर, ॲक्सल लोंबकळत असतानाच आयबोल्ट (त्या डोळ्यातला बोल्ट) आणि शॅकलचे (पाट्याचं एक टोक चॅसीला जोडणाऱ्या हलत्या कडीचे) नट कुणीतरी कचकचून आवळले असावेत. रबराचा बुश त्या स्थितीत घट्ट पकडला जातो. मग गाडी खाली उतरली की पाट्याचा डोळा फिरतो, पण रबर फिरू शकत नाही, पीळ घेऊन बसतं आणि त्या बाजूला स्प्रिंगसारखं वर धरून ठेवतं. डावीकडे असा पीळ जास्त राहिला की उजवी बाजू खाली दिसते. बुश फाटतोही लवकर. उपाय फुकटचा आहे: गाडी चारही चाकांवर उभी असताना सगळे आयबोल्ट आणि शॅकलचे नट दोन-तीन आटे सैल करा, काढू नका. गाडी दाबा, हलवा, जागेवरच थोडी मागेपुढे ढकला आणि तिच्या स्वतःच्या वजनावर बसलेली असतानाच आवळा. बुश पॉलियुरेथेनचे किंवा ग्रीसचे असतील तर पिळाचा प्रश्न नाही, पण शॅकल अडकत नाही ना ते बघा. कासच्या बाजूची जांभ्याची लाल माती शॅकलच्या फटीत बसून सुकली की तिथली हालचाल बंद पडते.

तरीही फरक राहिला तर मागचे पाटे डावीचे उजवीकडे, उजवीचे डावीकडे बदला. फक्त बाजू बदला, पुढचं टोक पुढेच ठेवा, कारण बऱ्याच पाट्यांत सेंटर बोल्ट (पाने एकत्र धरणारा बोल्ट) अगदी मध्यात नसतो. कल दुसऱ्या बाजूला गेला तर पाट्यांची कमान सारखी नाही. दोन्ही पाटे जमिनीवर ठेवून डोळ्यापासून डोळ्यापर्यंत दोरी ताणा आणि सेंटर बोल्टजवळ मुख्य पानापर्यंतची खोली मोजा. नव्या जोडीत ५ मि.मी.पेक्षा जास्त फरक दिसला तर दुकानदाराला परत करा. पाटे बदलूनही कल जागचा हलला नाही, तर पाटे सोडून चॅसी, हँगर (चॅसीवरची पाटा अडकवायची जागा) आणि वजनाकडे वळा.

पाटे बसवताना सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या सीटमधल्या भोकात बसलंय याची बोट घालून खात्री करा. ते बाहेर राहिलं तर पाटा तिरका आवळला जातो आणि नंतर बोल्ट तुटून ॲक्सल सरकतो. दोन्ही बाजूंना पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतर मोजलं की ते उघडं पडतं. यू बोल्ट (पाटा ॲक्सलला आवळणारे) जुने परत वापरू नका, एकदा ताणले गेले की ते पुन्हा तसे धरत नाहीत. चारही नट आडवे-तिरपे, थोडे थोडे आवळा. १२ मि.मी.च्या ८.८ ग्रेड बोल्टला साधारण ८० न्यूटन-मीटर पुरतात, गाडीच्या मॅन्युअलात वेगळा आकडा असेल तर तोच धरा. शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, नवे पाटे बसतात आणि नट हमखास सैल होतात.

शेवटी, किती कल चालेल? पाट्याच्या अरुंद गाडीत ड्रायव्हर बसला की उजवीकडे कल येणारच. ७५ किलोचा माणूस मध्यापासून ३५० मि.मी. बाजूला, प्रत्येक पाट्याचा ताठरपणा मिलिमीटरला सुमारे ३ किलो आणि पाट्यांमधलं अंतर ७५० मि.मी. धरलं, तर मडगार्डपाशी दोन बाजूंत २० मि.मी.च्या आसपास फरक निघतो. म्हणून माप नेहमीचा ड्रायव्हर सीटवर बसवून आणि रिकामी, असं दोन्ही प्रकारे घ्या. रिकाम्या गाडीत १० मि.मी.पर्यंत फरक असेल तर हात लावू नका.

प्रश्न: जुनी थार सीआरडीई. पुढून डावीकडे २५ मि.मी. खाली आहे. मागे बागेच्या कामाची अवजारं आणि फवारणीचा ड्रम असतो. टॉर्शन बारचा (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याचा) बोल्ट फिरवून उंची येते असं ऐकलं. घरी करता येईल का? (वाचक, तासगाव)

उत्तर: करता येतं, पण ड्रम आधी उतरवा. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो. तो डाव्या कोपऱ्यात बांधला असेल तर गाडी बरोबरच वागते आहे. सांगली जिल्ह्यात वजनकाट्यांची वानवा नाही, हंगाम नसताना काटा मोकळाही मिळतो. जमिनीच्या पातळीत बसवलेला काटा निवडा. आधी पूर्ण गाडी, मग फक्त डावी चाकं काट्यावर आणि उजवी बाहेर. डावी आणि उजवी बाजू ४०-५० किलोंच्या आत असूनही गाडी कललेली असेल तर दोष स्प्रिंगचा आहे. फरक शंभराच्या पुढे गेला तर दोष सामानाचा. काटा इथे खोटं बोलत नाही, कारण एखादी स्प्रिंग बसल्याने एका बाजूचं एकूण वजन फारसं बदलत नाही, ते ठरतं सामान कुठे आहे त्यावर. काट्याची सगळ्यात लहान मोजणी ५ किंवा १० किलोंची असते, तेवढी चूक गृहीत धरा.

मग मागचे पाटे बघा. मागे उजवीकडे एखादं पान तुटलं असेल तर पुढचा डावा कोपरा उचलल्यासारखा दिसू शकतो, मागचा डावा पाटा बसला असेल तर पुढचा डावाही खाली येतो. तुटलेलं पान बहुतेक सेंटर बोल्टपाशी तुटतं आणि क्लिपमध्ये दडून राहतं. वायर ब्रशने घासून, बॅटरीच्या उजेडात रेघ शोधा. याच गाडीला पुढे अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू नये म्हणून डावी-उजवी बाजू जोडणारा दांडा) असेल तर त्याची एका बाजूची लिंक सोडून माप घ्या. वाकडी लिंक दोन्ही बाजूंना भांडायला लावते.

हे सगळं ठीक असेल तरच टॉर्शन बार. काम असं: पुढच्या चॅसीला घोडे लावून चाकं मोकळी लोंबू द्या, म्हणजे बोल्टवरचा भार कमी होतो. भाराखाली बोल्ट फिरवला तर आटे जातात. आटे आधी वायर ब्रशने साफ करा, तेल सोडा. दोन्ही बोल्टच्या डोक्यावर आणि शेजारी पेंटने एकेक रेघ ओढा आणि किती आटे बाहेर आहेत ते लिहून ठेवा. हे केलं नाही तर परत जायला वाट राहत नाही. डावा बोल्ट एकच पूर्ण फेरा आवळा. गाडी खाली घ्या, बंपर दाबा, पाच-सहा मीटर पुढे-मागे चालवा आणि मग मोजा. चाकं खाली उतरताना आत-बाहेर घासलेली असतात, गाडी न चालवता घेतलेलं माप फसवं निघतं. एका फेऱ्याने किती उचललं ते कळलं की उरलेला हिशोब सोपा. सगळी उंची एकाच बाजूने भरून काढू नका, शक्यतो निम्मी डावीकडे आवळून आणि निम्मी उजवीकडे सैल करून सरळ करा.

आवळल्याने बार ताठ होत नाही, फक्त गाडी वर येते. अति वर घेतली तर चाक धरणारा हात ड्रूप स्टॉपला (चाक किती खाली जाईल ते अडवणाऱ्या ठोकळ्याला) टेकून बसतो, खड्ड्यात चाक खाली जायला जागा उरत नाही आणि सीव्ही जॉइंटचा (चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याच्या सांध्याचा) कोन वाढून त्यावरचे रबरी बूट फाटतात. बोल्ट आट्यांच्या शेवटाला पोचला आणि तरीही डावी बाजू खाली, तर बार थकला आहे किंवा आधी कुणी स्प्लाइनचा (बारच्या टोकावरच्या खाचांचा) दात चुकवून बसवला आहे. डावा बार उजवीकडे मात्र कधीही घालू नका. प्रत्येक बार एका दिशेने पीळ घेण्यासाठी तयार केलेला असतो आणि उलट पिळल्यावर तो तडकतो. त्याच कारणाने बारला चेन पाना लावू नका. पृष्ठभागावरचा ओरखडा हीच पुढे तड सुरू व्हायची जागा असते. रंग उडाला असेल तर त्या जागी लगेच रंग मारा.

उंची बदलली की टो (पुढची चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते माप) बदलतो, म्हणून अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या आणि हेडलाइटचा झोतही तपासा.

प्रश्न: जिमनीला दोन इंचांचा लिफ्ट किट (गाडी उंच करणारा संच) बसवला. आता मागून बघितलं तर चाकं डावीकडे जास्त बाहेर दिसतात आणि गाडीही किंचित कललेली आहे. कॉइल (गुंडाळीची स्प्रिंग) चुकीची बसली का? (वाचक, पाटण)

उत्तर: यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. चाकं एका बाजूला सरकणं हे लॅटरल रॉडचं काम आहे. त्याचं एक टोक चॅसीला, दुसरं ॲक्सलला. गाडी उचलली की रॉडचा कोन वाढतो, आडवं अंतर कमी होतं आणि ॲक्सल बाजूला सरकतो. ९०० मि.मी. लांबीच्या रॉडचा चढ ५० मि.मी. वरून १०० मि.मी. झाला, तर सरक सुमारे ४ मि.मी. येते. मडगार्डच्या काठावरून ओळंबा सोडून दोन्ही बाजूंना टायरच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. दोन बाजूंतल्या फरकाची निम्मी सरक समजायची. ती ५ मि.मी.च्या आत असेल तर सोडून द्या. जास्त असेल तर लांबी बदलता येणारा रॉड घ्या, गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना जुळवा आणि दोन्ही टोकांचे बोल्टही तेव्हाच आवळा. पुढच्या रॉडची लांबी बदलली की स्टिअरिंग सरळ राहत नाही, ड्रॅग लिंकने (स्टिअरिंगची हालचाल चाकांना पोचवणाऱ्या दांड्याने) परत मध्यावर आणावं लागतं.

कल हा दुसरा भाग. किटच्या चार कॉइलवर क्रमांक असतात, ते किटच्या कागदाशी ताडून बघा. काही किटमध्ये ड्रायव्हरच्या बाजूची कॉइल थोडी उंच दिलेली असते. ज्या देशात स्टिअरिंग डावीकडे असतं तिथल्यासाठी बनवलेला किट आपल्याकडे तसाच बसवला की उंच कॉइल डावीकडे जाते आणि ड्रायव्हरही उजवीकडे बसतो, म्हणजे दुहेरी कल. नंतर कॉइलचं शेवटचं टोक सीटच्या खाचेत नीट टेकलंय का ते बघा. टोक खाचेच्या वर चढून बसलं तर तारेच्या जाडीएवढा फरक पडतो. वरचं रबर एका बाजूला विसरलं गेलं असेल तरी तोच परिणाम. हे सगळं ठीक असूनही कल उरला तर मग १० मि.मी.चं पॅकिंग, खाली असलेल्या बाजूला. पण ती बाजू १० मि.मी. उचलली जाईल अशी अपेक्षा ठेवू नका, कल पुढे-मागे वाटला जातो. एका कोपऱ्यात भरमसाठ पॅकिंग घालून गाडी दिसायला सरळ केली तर तिरप्या जोडीच्या चाकांवर भार चढतो आणि ओल्या घाटात ब्रेक मारल्यावर ते जाणवतं.

प्रश्न: आमच्याकडे एक कारागीर पाटा गॅसने तापवून कमान मारून देतो. स्वस्तात पडतं. चालेल का? (वाचक, जत)

उत्तर: नाही. पाट्याचं पोलाद आधी सुमारे ८५०-९०० अंशांपर्यंत तापवून तेलात विझवलेलं आणि मग ४५०-५०० अंशांवर पुन्हा तापवून नरमाई दिलेलं असतं. गॅसच्या ज्योतीने मधली एक जागा लाल केली की तिथलं पाणी, म्हणजे दिलेला कडकपणा, उतरतं. महिनाभर कमान छान दिसते, मग तीच जागा बसते किंवा तुटते. घणाने किंवा प्रेसवर थंड कमान मारणं त्यापेक्षा बरं, पण तेही फार टिकत नाही. करायचं तर दोन्ही बाजूंचे पाटे एकाच दिवशी, सारख्या मापाने. एकाच बाजूला केलेली कमान म्हणजे पुढच्या पावसाळ्यात उलट्या अंगाचा कल. पाने सोडवलीच आहेत तर त्यांच्या टोकांनी खालच्या पानात खाच पाडली आहे का ते बघा. खाच खोल असेल तर ते पान भंगारात घाला.

प्रश्न: नवे शॉकॲब्जॉर्बर टाकले तर कल जाईल का? (वाचक, विटा)

उत्तर: साधे तेलाचे शॉक गाडीचं वजन पेलत नाहीत, ते फक्त उसळी आवरतात. गॅसचे शॉक गाडी किंचित उचलतात, पण दोन्ही बाजूंना सारखीच. एकच गोष्ट तपासा: रॉड वाकून एखादा शॉक अडकलेला नाही ना. एका बाजूचं टोक सोडून हाताने दाबून-ओढून बघितलं की समजतं.

प्रश्न: लांब शॅकल लावून एक बाजू उचलली तर आरटीओला चालेल का? आणि नेमकी किती उचलेल? (वाचक, कराड)

उत्तर: शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असतो, त्यामुळे २० मि.मी. लांब शॅकलने ती बाजू १० मि.मी.च्या आसपासच उचलते. पुढच्या ॲक्सलवर एकाच बाजूला लांब शॅकल लावू नका, कॅस्टर (चाक वळतं त्या आसाचा पुढे-मागे कल) बिघडतो. कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करायला आडवं येतं. थकलेला पाटा, बुश, टॉर्शन बार मूळ मापाचा टाकून गाडी सरळ करणं ही दुरुस्ती आहे, तिला परवानगी लागत नाही. उंची वाढवणारा बदल करायचा असेल तर कराडच्या (एमएच ५०) आरटीओ कार्यालयात आधी लेखी विचारा, कारण अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर पहिल्यांदा गाडीखालीच वाकतो.